जागृतीचे सोमवार

कळव्याची जागृती पाटील माजिवड्याच्या एका लॅबमध्ये बारा वर्षं लोकांचं रक्त काढत होती. नस सापडत नाही असे म्हातारे पेशंट तिचंच नाव घेऊन यायचे. रिपोर्ट बघून घाबरलेल्या बायांना ती समजवायची, "अहो, सीआरपी वाढला म्हणजे अंगात कुठंतरी सूज आहे, एवढंच."

स्वतःला मात्र तिला हे पटवता आलं नाही.

तिची आई, बायजा, चार वर्षांपूर्वी गेली. वर्षभर पोट फुगायचं आणि ती म्हणायची, "काय नाय गो, गॅस झालाय." कळलं तेव्हा अंडाशयाचा कॅन्सर पोटात सगळीकडे पसरलेला. पुढे एका सोमवारी जागृतीनं मोबाइलवर वाचलं, की रक्तात सुजेचे घटक जास्त असलेल्या बायकांत हा कॅन्सर थोडा जास्त आढळतो. त्या सोमवारी दुपारी लॅब रिकामी होती. तिनं स्वतःच्याच दंडाला पट्टा आवळला. सीआरपी अकरा निघाला. हवा पाचच्या आत.

पुढच्या सोमवारी तेरा, मग दहा. आकडा चढला की पोट जड वाटायचं आणि उतरला की मशीनवर भरवसा वाटायचा नाही. दोन घासांत पोट भरलं तर ती ताटावरून उठायची. सांगणार कोणाला? नवरा जयेश सासूच्या आजारपणात इतका धावलेला, की तो शब्द पुन्हा घरात आणायची तिची हिंमत नव्हती. तपासल्यानं भीती जात नव्हती, आणि न तपासता राहवत नव्हतं. असे पाच महिने गेले.

शेवटी ती भांडी घासत असताना जयेशला तिच्या कोपरातले निळे डाग दिसले.

"कोण घेतं गं तुझं एवढं रक्त?"

"मीच."

त्यानं खोदून विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो तिला बायकांच्या डॉक्टर केदारबाईंकडे घेऊन गेला. सोनोग्राफी साफ होती. बाई म्हणाल्या, "हजारो बायका एकत्र मोजल्या तर तू वाचलेला तो फरक दिसतो. एकट्या तुझं काय होणार, ते हा आकडा सांगत नाही. आईला होता म्हणून, तिच्याकडून तुझ्यात काही आलंय का ते बघायला जीन्सची तपासणी मात्र करू. आणि तू तोंडाच्या एकाच बाजूनं का बोलतेयस? दाढ दुखते?"

दाढ केव्हाची किडलेली. आतून पू झालेला. ती काढल्यावर महिन्याभरानं सीआरपी चारवर आला. जीन्सच्या तपासणीतही काही निघालं नाही.

जयेशनं मिठाई आणली. जागृतीनं एक तुकडा खाल्ला आणि सोमवार यायची वाट बघू लागली. सोमवारी दुपारी पट्टा दंडाला लावून ती बराच वेळ बसली. मग तशीच उठून मालकांच्या केबिनमध्ये गेली. "सर, सोमवारी मला लॅबमध्ये ठेवू नका. घरोघरी सॅम्पल घ्यायला पाठवा."

"का गं?"

"इथं एकटी असले की माझा हात थांबत नाही."