मुद्देमालातली लेक

चिटगुप्प्याच्या ठाण्यातली मुद्देमालाची खोली अजून माझ्या मनातून जात नाही.

म्हैसूर राज्याचे दिवस होते. मी तिथे नवा फौजदार. एकदा चहावाला सहज म्हणाला, "सायेब, त्यो हाडं गोळा करनारा ओढ्यावर हाडं सोड्यानं धुवायलाय. खताच्या कारखान्याला जानारी ढोराची हाडं कोन धुतंय?"

त्या हाडांच्या व्यापाऱ्याच्या गोदामाची झडती घेतली. पुढे जनावरांची हाडे होती, मागे वेगळी पोती. पंचांसमोर एक पोते उघडले; वरच माणसाची कवटी होती.

"ढोराचीच हायेत," व्यापारी म्हणत राहिला. मी आवाज चढवला नाही. ती कवटी टेबलावर ठेवून त्याच्यासमोर बसून राहिलो. गप्प बसणारा अधिकारी माणसाला फार वेळ सोसत नाही. दुपारी तो बोलला. दुबलगुंडीकडच्या एका गावात बौद्ध कुटुंबांचा मसणवटा उकरून त्याने हाडे काढली होती. ती परदेशातल्या डॉक्टरीच्या कॉलेजांना शिकवण्यासाठी जात. काही पोती आधीच तिकडे रवाना झाली होती.

खटला संपेपर्यंत हाडे पुरावा म्हणून ठाण्यात राहिली. त्या गावचे एक वृद्ध शेतमजूर दर बाजाराला येत आणि खोलीच्या दाराशी बसत. त्यांची तरुण लेक त्याच मसणवट्यात पुरली होती.

"अप्पा, आमच्यावर पहारा करायलाव काय?" जमादाराने थट्टा केली.

"तुमच्यावर कशाला? पोरगी आत हाय. अंधाराला लई भ्यायची."

जमादार नंतर स्वतःच त्यांना चहा नेऊन देऊ लागला.

कोर्टाचा हुकूम झाल्यावर मी पोती घेऊन गावी गेलो. कोणाचे हाड कोणते, सांगता येईना. बायका रडू लागल्या. अप्पा म्हणाले, "निवडता कशाला? समदी आपलीच." एकच खड्डा खणला, त्रिशरण म्हटले आणि सगळ्यांना एकत्र मूठमाती दिली.

मग अप्पांनी शेजारी दुसरा खड्डा खणायला घेतला.

"ह्यो कामून, अप्पा?" मी त्यांच्याच बोलीत विचारले.

"तिकडं गेलेल्यांसाठी. माझी ह्यात आली का तिकडं गेली, कोनाला ठाव? उद्या कोनी आनून दिलं तर जागा पायजे, सायेब."

लेक आत नसेलही, हे इतके दिवस आमच्या दाराशी बसताना त्यांना ठाऊक होते.

आरोपीला शिक्षा झाली की तपास संपतो, असे मी तोवर मानत होतो. गेलेली हाडे परत मागायची कोणाकडे, हे मला कोणत्याच कायद्यात सापडले नाही. पुढे कोणी मागेल, कोणी देईलही.

अप्पा आता नाहीत. दर पावसाळ्यात तो खड्डा बुजत येतो आणि गावकरी पुन्हा माती काढतात.