ओरेस्टमामाची ब्रेंडा

माझा ओरेस्टमामा आयुष्यभर मनमोकळं बोलला तो एकाच माणसाशी, नेटीमामीशी. कॅनडातल्या डॉब्रिन गावच्या एलेव्हेटरवर, म्हणजे रेल्वेच्या रुळांशेजारी जे उंच लाकडी गव्हाचं कोठार होतं तिथे, त्यानं सारी हयात काढली. शेतकरी ट्रक घेऊन यायचे, मामा वजन करायचा, दाणा दाताखाली धरून बघायचा, प्रत सांगायचा आणि गप्प. लोक त्याला घुम्या म्हणत. पण संध्याकाळी घरी येऊन बूट काढले, की स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तो दिवसभराचं सगळं मामीला सांगायचा. कुणाचा गहू ओला निघाला, कुणाच्या ट्रकमध्ये मालकाच्या जागेवर कुत्रा बसला होता, आभाळ कुठल्या अंगानं काळवंडलं. मामी पिठाचे हात तसेच धरून ऐकायची आणि तो थांबला की "मग?" म्हणायची.

मामी गेली आणि त्याच वर्षी कंपनीनं एलेव्हेटरही पाडलं. मामा टेबलाशी बसायचा, पण बोलणार कुणाशी? माझी आई रोज भावाला फोन करायची. तो "हो" आणि "नाही" यांपलीकडे जाईना. मग तेवढंही कमी झालं. कॉफीच्या बैठकीला जायचा, कारण आमच्या गावात सकाळी को-ऑपच्या, म्हणजे सहकारी दुकानाच्या, कॅफेत न येणारा माणूस आजारी तरी असतो नाहीतर मेलेला, आणि दोन्हीची चौकशी होते. तिथेही कप रिकामा करायचा आणि उठायचा. आई म्हणाली, "लारिसा, हा असाच बसून बसून संपेल." मला कुणी असं झुरत बसलेलं बघवत नाही. दया येण्याऐवजी मला राग येतो.

मी शाळेच्या ऑफिसात काम करते. शाळेत नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुना एक मी गाडीत घालून मामाकडे नेला, टेलिफोनची तार त्याला जोडली आणि त्याच्या नावानं ब्लॉग उघडून दिला. तेव्हा हे प्रकरण इतकं नवं होतं की डॉब्रिनमध्ये तो शब्द माझ्याशिवाय कुणी ऐकला नव्हता.

"यात काय लिहायचं?" मामानं विचारलं.

"मामीला सांगायचास ते."

"वाचणार कोण?"

"कुणीही. जगात कुठेही बसलेलं माणूस."

"मला जगात कुणी ओळखत नाही, लारिसा."

"तेच बरं आहे. ओळखणारे काय म्हणतात ते कॅफेत ऐकतोसच की."

मामानं पुष्कळ विचार केला. मग एका सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि लिहायला बसला. सगळं जग वाचणार म्हटल्यावर गबाळं कसं बसायचं, असा त्याचा हिशेब. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत लिहायचा आणि शेवटी पूर्ण नाव, पोस्टाचा पत्ता आणि फोन नंबर घालायचा. मी म्हटलं, निदान फोन नंबर तरी काढ. तर म्हणतो, "नाव-गाव झाकून बोलायला मी काय चोर आहे?" दातांच्या डॉक्टरकडे यॉर्कटनला जायचं असलं की आदल्या दिवशी पानावर दिलगिरी लिहून ठेवायचा, की उद्या मजकूर येणार नाही, कृपया खोळंबू नये. खोळंबणारं कुणी नव्हतंच. खोळंबा फक्त आईचा व्हायचा, कारण मामा लिहीत असेतो त्याचा फोन एंगेज. "तुझ्या त्या खोक्यापायी सख्खा भाऊ लागत नाही मला," असं तिनं माझ्या तोंडावर सुनावलं.

पण लिहायचा काय सुरेख. मी शाळेत दार लावून वाचायची. एकदा त्यानं लिहिलं होतं: "आज वारा वायव्येचा. एलेव्हेटर होतं तिथे आता नुसती खडी आहे. कबुतरं अजून येतात आणि छप्पर होतं तेवढ्याच उंचीवर घिरट्या घालतात. त्यांना कुणी सांगितलेलं नाही." माझा हा घुम्या मामा, ज्याच्याकडून आम्ही कधी धड दोन वाक्यं ऐकली नव्हती, त्याच्या आत हे सगळं होतं. इतकी वर्षं ते एकटी मामी ऐकत होती.

तर एक दिवस मामानं शाळेत फोन केला. जन्मात कधी केला नव्हता. "ताबडतोब ये," एवढंच म्हणाला. मला वाटलं, छातीत दुखतंय. मी गाडी पळवत गेले, तर मामा कॉम्प्युटरसमोर उभा, टोपी काढून हातात धरलेली, चर्चमध्ये धरतात तशी.

"बघ," तो म्हणाला.

त्याच्या लेखाखाली कुणीतरी लिहिलं होतं: "खूप छान लेख! तुमचं पान मला फार आवडलं. पुन्हा नक्की येईन. – ब्रेंडा."

"कोण आहे ग ही?" मामाचा आवाज खाली गेला होता. "मी इथे या खुर्चीत बसून कबुतरांचं लिहिलं. आणि कुठल्या कुठे बसलेल्या एका बाईनं ते वाचलं. आमची ओळख नाही, नातं नाही. तरी वाचलं, आणि वाचून मला सांगायला थांबली." त्यानं बोटाच्या टोकानं पडद्यावरचं ते नाव हलकेच चाचपलं. मी त्याला इतकं भारावलेलं त्याच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलं नाही.

तो चहा ठेवायला वळला तेव्हा मी त्या नावावर क्लिक केलं. वजन उतरवण्याच्या गोळ्यांचं दुकान उघडलं. असली वाक्यं मी शाळेच्या पानावरही पाहिली होती. एक मशीन दिवसभर हजारो पानांवर तेच ते चिकटवत फिरतं, लोकांनी नावावर क्लिक करून दुकानात यावं म्हणून. ब्रेंडा नावाची बाई कुठेही नव्हती. मी ते दुकान बंद केलं, चहा घेतला आणि तोंड शिवून घरी आले. सांगितलं असतं तर तो पुन्हा त्या टेबलाशी गप्प बसला असता, आणि या खेपेला उठला नसता.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक मजकूर "प्रिय ब्रेंडा" असा सुरू व्हायला लागला. दुकानाचा शोध त्यालाही यथावकाश लागला, पण त्याचं त्यानं वेगळंच मानलं. "बाई दुकान चालवते," तो मला म्हणाला. "गिऱ्हाईक सांभाळून वाचते बिचारी." तिच्या गोळ्यांची त्याला गरज नव्हती, तसं त्यानं पानावर नम्रपणे कळवलं. पानाच्या तळाशी किती वेळा कुणी येऊन गेलं ते मोजणारा आकडा असायचा. तो वाढत होता. मामाला वाटे, ब्रेंडाच पुन्हा पुन्हा येऊन वाचते. मला वाटे, मामाच पुन्हा पुन्हा स्वतःचं पान उघडून बघतोय.

मग एकदा त्यानं नेटीमामीचं लिहिलं. शेवटचे दिवस, हॉस्पिटलची खिडकी, तिनं त्याला विचारलेलं की बाहेर काय दिसतंय, आणि हा सांगत सुटलेला, पार्किंगमधल्या गाड्यांपासून ढगांपर्यंत, ती ऐकायची थांबली हे लक्षात येईपर्यंत. मला पुढे वाचवेना. आणि त्याखाली ब्रेंडा हजर: "उत्तम लेख! असंच चालू ठेवा!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या मशीनचा गळा धरता आला असता तर धरला असता. मी तशीच उठून मामाकडे गेले. तर तो खिडकीशी बसला होता, डोळे ओले आणि चेहरा निवांत.

"वाचलंस?" तो म्हणाला. "दुसरं कुणी असतं तर रडगाणं गायलं असतं. वाईट झालं, देवाची मर्जी, वगैरे. ही म्हणते, चालू ठेवा. बरोबर आहे तिचं. नेटीही हेच म्हणाली असती."

मी त्याच्यासमोर बसून पिरोही, आमची ती उकडलेली करंजी, खाल्ली. त्यानंच केली होती, फुटलेली, अर्धं सारण पाण्यात गेलेली.

असा हिवाळा गेला. मामा कॅफेत दोन शब्द बोलायला लागला, आणि तिथेच घात झाला. त्यानं बैठकीत ब्रेंडाचं नाव काढलं. बर्नी रस्क म्हणून आमच्याकडे ट्रॅक्टर दुरुस्त करणारा आहे, मनानं वाईट नाही, पण जिभेला ब्रेक नाही.

"ओरेस्ट, लेका, या वयात बाई गाठलीस?" बर्नी म्हणाला. "बघू तरी कोण आहे."

तो घरी जाऊन बघून आला आणि दुसऱ्या सकाळी सगळ्यांदेखत म्हणाला, "अरे, तुझी ब्रेंडा माझ्या मेव्हणीच्या पानावरपण आहे. तिच्या मांजराच्या फोटोखाली हेच लिहिलंय. मशीन आहे ते. मशीनला पत्रं लिहीत होतास होय?"

बैठक हसली. मामा हसला नाही, रागावलाही नाही. त्यानं कप बशीत ठेवला, कॉफीचे पैसे ठेवले आणि घरी गेला.

आई सांगत आली की आता भावाचा फोन लगेच लागतो. म्हणजे मामानं लिहिणं थांबवलं होतं. मी गेले तर कॉम्प्युटरवर टेबलक्लॉथ घातलेलं, तार गुंडाळून ठेवलेली.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"हो."

"बरं केलंस, बोलली नाहीस. हिवाळा निघाला माझा." मग म्हणाला, "मी तिथे शेवटचं लिहिलंय. ते पान तेवढं बंद करून टाक. मला येत नाही."

शाळेत जाऊन मी पान उघडलं. त्यानं लिहिलं होतं: "ब्रेंडा मशीन होती असं कळलं. म्हणजे हे कुणी वाचत नव्हतं. मी उगाच जागा अडवली, क्षमस्व. ओरेस्ट कोवालिशिन." खाली पत्ता आणि फोन नंबर होताच.

पान बंद करायला हात पुढे केला आणि खाली काय आहे ते दिसलं. मी वाचत गेले. पान खाली सरकवत गेले, तरी संपेना. मुख्याध्यापकांनी दोनदा हाक मारली असं मला नंतर कळलं. प्रिंटरमधले होते नव्हते ते कागद वापरून मी सगळं छापलं आणि मामाच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

"काय आहे?"

"माणसं."

"असली आणखीही मशिनं असतील," मामा म्हणाला आणि कागद बाजूला सारले.

मग मीच वाचायला लागले. "'मी ब्रेंडा नाही. पण पहिल्या बर्फापासून रोज वाचते. तुम्ही दोघं बोलताय असं वाटायचं, मध्ये तोंड कशाला घालायचं म्हणून गप्प होते.' थंडर बेची नर्स आहे." मामा खिडकीबाहेर बघत होता. "'मी ब्रेंडा नाही. माझा बाप एलेव्हेटरवर होता, तो कधी बोलला नाही. तुमचं वाचून कळलं तो दिवसभर काय बघत असेल.'" पुढचाही, त्यापुढचाही तसाच सुरू होत होता. लाकडी कोठारांचे फोटो जमवणाऱ्या कुण्या गृहस्थानं आपल्या पानावर मामाच्या पानाचा पत्ता दिला होता, तिथून सगळे आले होते. दुसऱ्याची पत्रं वाचतोय म्हणून सगळे ओशाळलेले.

"अल्बर्टाचा एकजण म्हणतो, ओल्या गव्हाचं तुम्ही लिहिलंत ते साफ चूक आहे. दाणा चावून ओल कळत नाही, मुठीत दाबून कळते."

मामानं मान वळवली. "त्याला काही कळत नाही," तो म्हणाला. त्यानं बाजूला सारलेल्या कागदांकडे पाहिलं. "पण माणूस आहे."

त्यानं चष्मा लावला, कागद स्वतःकडे ओढले आणि बोट ठेवून एकेक नाव वाचायला लागला. गावाचं नाव आलं की थांबायचा, ते कुठे असेल याचा अंदाज घ्यायचा. एका कागदावर त्याचं बोट अडकलं. त्यानं तो माझ्याकडे दिला. "हे तू वाच. मला नीट दिसत नाहीये."

देशाच्या पार पूर्व टोकाहून, न्यूफाउंडलंडच्या एका बंदरातून कुणी बाई लिहीत होती. "मी ब्रेंडा नाही. तुम्ही लिहिलं होतं तसे मी रविवारी कोबीच्या पानांचे रोल केले, आंबट पानांचे, भातात शेपू घालून. नवरा समुद्रावरून आला होता. त्यानं विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, नेटीनं."

मामाचे दोन्ही हात टेबलावर उताणे पडले होते.

"नेटी," तो म्हणाला, "कधी विनिपेगच्या पुढे गेली नाही ग."