गाऱ्हाण्यात कोण राहिलं

आमच्या घरी गणपतीच्या पहिल्या दिवशी मोदक कायम गार खाल्ले जायचे. कारण बाबांचं गाऱ्हाणं. आरती झाली की बाबा हातात नारळ घेऊन मूर्तीपुढे उभे राहत आणि सगळ्यांच्या वतीने देवाशी मालवणीत बोलायला लागत. त्यांचं एकेक मागणं संपलं की आम्ही घरचे आणि गॅलरीत दाटीवाटीने जमलेले शेजारी एका सुरात म्हणायचो, "व्हय म्हाराजा!" लालबागच्या आमच्या चाळीत निम्मी घरं कोकणातली, त्यामुळे गाऱ्हाणं घरोघर व्हायचं. पण बाकीच्यांचं चार वाक्यांत आटपायचं आणि आमचं संपता संपायचं नाही.

"बा देवा म्हाराजा, माझो झील मोटारसायकल घेवन जाता, त्येची गाडी खंय घसराक नको."

"व्हय म्हाराजा!"

"चेडू कचेरीत लिफ्टीन वर जाता, ती लिफ्ट मधीच बंद पडाक नको."

"व्हय म्हाराजा!"

झील म्हणजे दादा, चेडू म्हणजे मी. मग आईची साखर, शेजारच्या काकींचा गुडघा, खालच्या मजल्यावरची बाळंतीण, गॅलरीचा कुजलेला कठडा, गॅसची नळी, पाण्याची टाकी. दादा मागून हळूच म्हणायचा, "आता फक्त महापालिका राहिली." शेजारी हसायचे, पण जागचे हलायचे नाहीत, कारण प्रत्येकाचं काही ना काही त्यात यायचंच. मला बाबांचा फार अभिमान वाटायचा. एवढ्या लोकांची आठवण ठेवणारा माणूस आपला बाप आहे, असं मी मैत्रिणींना सांगत असे.

उरलेलं वर्षभर मात्र या आठवणीने आमचा जीव नकोसा केला होता. माझी कचेरी कॉटन ग्रीनला, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. तरी पोचते न पोचते तोच फोन. "पोचलंस काय गो?" पोचले म्हटलं की थोड्या वेळाने परत, "लिफ्टीन गेलंस की जिन्यान?" मी उचलला नाही तर कचेरीच्या फोनवर. माझ्या साहेबांना बाबांचा आवाज पाठ झाला होता. संध्याकाळी आम्ही परत येईपर्यंत ते गॅलरीत कठडा धरून उभे असायचे, तोच कुजलेला कठडा. मी चिडून म्हणायचे, "बाबा, मी काय कुक्कुलं बाळ आहे?" ते ओशाळायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायचे. आई म्हणायची, "काळजी कोणाक नसता? स्वभाव तेंचो." स्वभाव म्हटलं की आपल्याकडे विषय मिटतो.

मग छातीत धडधड सुरू झाली. हात गार पडायचे, घाम फुटायचा, आपण आता जातोय असं त्यांना वाटायचं. आम्ही धावतपळत परळच्या इस्पितळात न्यायचो आणि कार्डिओग्राम दर वेळी चांगला निघायचा. त्याचा आनंद व्हायच्या ऐवजी बाबांना शरम वाटायची, उगाच सगळ्यांना पळवलं म्हणून. शेवटी तिथल्याच एका डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरबाईंकडे पाठवलं. आईने शेजारी सांगून टाकलं की ते पोटासाठी जातात.

डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना समोर बसवलं. म्हणाल्या, "काळजी सगळ्यांच्याच घरी येते आणि काम झालं की उठून जाते. यांच्याकडे आलेली उठतच नाही. हा स्वभाव नाही, हट्ट नाही. हा आजार आहे, आणि तो बरा होण्यासारखा आहे." मग त्यांनी बाबांना विचारलं, हे कधीपासून? मला वाटलं, बाबा निवृत्तीचं काहीतरी सांगतील. ते म्हणाले, "माझ्या गाऱ्हाण्यात एका वर्षी धाकटा भाऊ राहिला."

मला काका अंधुक आठवतात. मी लहान असताना ते काविळीने गेले. त्या वर्षी गाऱ्हाण्यात सगळ्यांचं झालं, पण काकांचं मागायचं बाबा विसरले होते, आणि हे त्यांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. "तेव्हापासून महिनाभर आधी पाठ करतो," बाबा म्हणाले. "मोरीचं दार लावून. कोण राहिला आणि त्याला काय झालं तर?" आम्ही ज्याच्यावर हसत होतो, ज्याच्यापायी मोदक गार होत होते, ते हे होतं. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या भीतीलाच "व्हय म्हाराजा" म्हणत आलो होतो. मला तिथेच रडू आलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि त्याबरोबर सराव. बाबांनी फोन एकदाच करायचा, मीही उत्तर एकदाच द्यायचं. बाई म्हणाल्या, परत परत दिलासा दिला की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती आणखी मागायला लागते. सांगायला सोपं होतं. टेबलावर फोन वाजत राहायचा, स्क्रीनवर 'बाबा' दिसायचं, आणि मी हात मांडीखाली घालून बसायचे. हळूहळू फोन कमी झाले. एकदा बाबा एकटेच भायखळ्याच्या बाजारात जाऊन लाल माठ घेऊन आले, वाटेत कुणाला फोन न करता. आईने त्या दिवशी ती भाजी सणाचं जेवण असल्यासारखी वाढली.

गणपती जवळ आले तेव्हा बाई म्हणाल्या, "या वर्षी गाऱ्हाण्यातून एक माणूस मुद्दाम गाळायचा. आणि पुढच्या गणपतीला तो माणूस तिथेच उभा आहे की नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं."

बाबा घासाघीस करायला लागले. लिफ्ट गाळतो म्हणाले, टाकी गाळतो म्हणाले. बाई म्हणाल्या, माणूस. घरी आल्यावर आई म्हणाली, "माका गाळा." पण आईला साखर. दादाकडे मोटारसायकल. मी म्हटलं, "मग मला गाळा. मला ना साखर, ना मोटारसायकल."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "तुका गाळूचा कसा गो?"

"गप्प राहून."

त्या दिवशी दादाचं झालं, मला सोडून आईचं झालं, शेजाऱ्यांचं एका वाक्यात झालं, आणि बाबा थांबले. फक्त माझं राहिलं होतं. त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता. मागून शेजारच्या काकी म्हणाल्या, "चेडवाचा रवला मा!" बाबा वळले. त्यांचं तोंड बघवत नव्हतं. त्यांच्या ओठांवर शब्द आलेच होते, मला दिसत होते. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते, तिथूनच मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!" कुणी काही मागितलं नव्हतं, पण सवयीने सगळे माझ्यामागून म्हणाले. बाबांनी नारळ खाली ठेवला. त्या वर्षी मोदक गरम होते आणि बाबांना एकही गेला नाही.

पहिले काही दिवस वाईट गेले. मी चपला घातल्या की ते भिंतीकडे तोंड करून बसायचे. मग दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि त्यांना थोडी गंमत वाटायला लागली. मी संध्याकाळी दारात आले की म्हणायचे, "आसस मा अजून!" म्हणजे, आहेस ना अजून. एकदा चहा पिताना म्हणाले, "गणपतीत तुका थंय उभ्या बघतलंय, मगे मी सुटलंय."

शिमग्यानंतर त्यांच्या छातीत कफ भरला. या वेळी तपासण्या चांगल्या आल्या नाहीत. इस्पितळात मी खाटेजवळ गेले की ते नाकावरचा मास्क बाजूला करून विचारायचे, "पोचलंस?" मी म्हणायचे, पोचले बाबा. जरा वेळाने परत, "पोचलंस?" तिथे मी बाईंचा नियम मोडला. त्यांनी जितक्या वेळा विचारलं तितक्या वेळा उत्तर दिलं. ते गेले तेव्हा गणपती अजून बरेच लांब होते.

तेराव्याला शेजारच्या काकी आईपाशी बसून म्हणाल्या, "चेडवाक गाळल्यान आणि आपणच गेलो." म्हणजे मला गाळलं आणि बाबा स्वतःच गेले. मी त्यांना नको ते बोलले. सत्तरीच्या माणसाला न्यूमोनिया होतो, त्याला गाऱ्हाणं लागत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ते वाक्य माझ्या अंगात शिरून बसलं. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी दादाला रोज सकाळी फोन करते. पोचलास का? कुठल्या रस्त्याने गेलास? दादा एकदा म्हणाला, "तू बाबांसारखी बोलायला लागलीस." मग मीच डॉक्टरबाईंकडे गेले. पोटासाठी जाते असं या वेळी आईने कुणाला सांगितलं नाही.

वर्षाच्या आत गणपती आणायचा की नाही, यावर भावकीत बरीच चर्चा झाली. आई म्हणाली, "हाडूचो. तेंका बघूचा होता." मग गणपती आणला.

गाऱ्हाणं दादाने घातलं. त्याला मालवणी धड येत नाही. "सगळ्यांका सांभाळ रे म्हाराजा," एवढंच म्हणून त्याने नारळ ठेवला. गॅलरीतल्या लोकांना कळेना, संपलं की काय. मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते, जिथे उभी असते तिथेच. बाबांना जे बघायचं होतं ते तिथे धडधाकट उभं होतं, आणि बघायला ते नव्हते. काकी माझ्याकडे बघून रडल्या. मी त्यांच्या हातात मोदकाची ताटली दिली.

ती देताना मला उगाच बाबांचं जुनं गाऱ्हाणं आठवायला लागलं. झील, चेडू, साखर, गुडघा, बाळंतीण, कठडा, टाकी. मी परत पहिल्यापासून आठवलं. त्यात बाबा नव्हते. स्वतःसाठी त्यांनी कधीच काही मागितलं नव्हतं. म्हणजे दर वर्षी एक माणूस राहतच होता, आणि दर वर्षी तोच माणूस पुढच्या गणपतीला नारळ घेऊन उभा असायचा. हे मला ते असताना सुचलं असतं, तर मी कचेरीत पोचल्या पोचल्या हे सांगायला त्यांना फोन केला असता, त्यांनी करायच्या आधी.