आठव्या मजल्यावरची सीतादही

जीप दारव्ह्याच्या रस्त्यावर हॉर्न वाजवत होती आणि माय वावरात पऱ्हाटीच्या झाडांना सूत बांधत होती. कापसाची वेचणी सुरू करण्याआधी आमच्याकडे सीतादही करतात. पहिल्या कापसाचं सूत एका झाडापासून दुसऱ्या झाडाला बांधायचं, बुडाशी दहीभात शिंपडायचा, वावराचे उपकार मानायचे. त्या वर्षीही बोंडं अळीनं आतून पोखरली होती. आमच्या यांना पुण्यात गोदामात काम मिळालं, म्हणून आम्ही निघालो होतो.

"कायले करून राह्यली माय? देल्लं काय या वावरानं?"

"देल्लं तेवढं घेतलं ना आपण? मंग गुमान हात जोड."

रस्त्यावरून बाबा जीपवाल्याला म्हणत होते, "थांब रे बाप्पा, पुणं काही पळून नाही चाललं."

सामान मी नीट विभागून भरलं होतं. मूठभर कापसाला त्यात जागा नव्हती. मायनं तो कोंबलाच.

पुढं सासूबाईंना, मी त्यांना आत्याबाई म्हणते, अर्धांगवायू झाला आणि आम्ही त्यांना इकडं आणलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आत्याबाईंचं औषध, पेज, कूस बदलणं, सगळ्याच्या वेळा मी कपाटावर चिकटवल्या आहेत. दूध-भाजी सोडली तर मी आठव्या मजल्यावरून उतरत नाही. गावाकडच्या बाया म्हणतात, "लिफ्टच्या घरात राह्यतं, मजा हाय तुयी." माझ्यासारखे जे गाव सोडून आलेत, त्यांना ठाऊक आहे की यावर फोनवर फक्त हसायचं असतं.

सोसायटीतल्या बायकांनी ग्रुपवर रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायचं ठरवलं. मी लिहिलं: लिफ्ट चालू होती, पाणी आलं, आत्याबाई झोपल्या. वाचताना वाटलं, कैद्यानं जेवण वेळेवर मिळाल्याचं कळवावं तसं आहे हे. लिहिणं बंद केलं.

यंदा मायचा फोन आला. गुडघे गेले होते. "औंदा सीतादही तू कर. ये." तिकीट काढलं, बॅग भरली. आत्याबाईंपाशी राहायला ठरवलेली बाई निघायच्या सकाळी नाही म्हणाली. यांना रजा नव्हती.

मी मायला कळवलं. ती म्हणाली, "मंग तिथंच कर. कापूस हाय ना तुयापाशी?"

"कायचे उपकार मानू माय? या भिंतीचे?"

"मले काय विचारतं? इहीनबाईले विचार, तुया सासूले. त्याइनं माह्यापेक्षा जास्त वावरं वेचली."

रागातच कापूस काढला आणि आत्याबाईंच्या पांघरुणावर ठेवला. त्यांनी डाव्या हातानं तो चाचपला आणि सरकी काढू लागल्या. बोटं अडखळत नव्हती. मग एक टोक माझ्या हातात दिलं आणि त्या पीळ देऊ लागल्या. एका हातानं सूत होत नाही. दुसरं कोणी धरावं लागतं.

सूत झालं. एक टोक मी पलंगाच्या कठड्याला बांधलं. दुसरं खिडकीच्या गजाला बांधायला निघाले, तर त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. मी टोक धरून उभी राहिले. त्यांनी मी उशाशी ठेवलेल्या वाटीतला दहीभात चिमटीत घेतला, पलंगावरून वाकल्या आणि माझ्या पायांवर शिंपडला, झाडाच्या बुडाशी शिंपडतात तसा.

बॅग दाराशी भरलेली होती. घर कुठं, असं कोणी विचारलं तर मला अजूनही चटकन सांगता येत नाही. त्या सकाळी एवढंच समजलं होतं की सूत फार कच्चं आहे, ओढलं तर तुटेल, म्हणून मी जागची हलले नाही.