प्रार्थनेच्या वेळी बंद केलेली बेल

चर्चच्या मंडळीत किती जणांनी मला विचारलं, अगं तू साक्ष का देत नाहीस? एवढं मोठं संकट आलेलं, प्रभूने एवढ्या माणसांना वाचवलं, उभी राहून सांग ना! मी दोनदा उठलेले पण. एकदा तर माईकपर्यंत गेले, "जय ख्रिस्त" बोलले आणि परत येऊन बसले. लोकांना वाटलं रडू आलं असेल. रडू नव्हतं आलं, लाज वाटलेली. सगळ्यांना जी साक्ष ऐकायचीय ना, ती माझ्याकडे नाहीचे. माझ्याकडे दुसरीच आहे. ती तोंडाने बोलता येत नाही म्हणून टाईप करतेय, आणि फटाफट करतेय, कारण मध्ये थांबले तर सगळं डिलीट करून टाकेन. त्या दिवसानंतर कित्येक आठवडे मला डोळे मिटून प्रार्थनाच करता येत नव्हती. डोळे मिटले की भीती वाटायची. प्रभू आहे का नाही अशी शंका नव्हती. तो आहे आणि माझ्याकडे बघतोय, याचीच भीती होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डोंबिवलीत एमआयडीसीच्या मागच्या बाजूला आमची लॉन्ड्री आहे. इस्त्रीचं दुकान नाही हां, मोठी लॉन्ड्री. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलचे टॉवेल, सगळं गरम पाण्यात धुऊन वाफेच्या रोलरवर कडक करायचं. वाफेसाठी बॉयलर. पप्पांनी सुरू केलेली. गेटवर त्यांनी स्वतः ब्रशने रंगवलेली पाटी आहे: "मालक प्रभू येशू. आम्ही फक्त कारभारी." लहानपणी मला ती पाटी भारी वाटायची, मैत्रिणींना दाखवायचे. पप्पा बोलायचे, बेटा, हे आपलं नाही, आपल्याला सांभाळायला दिलंय, एक दिवस मालक येऊन विचारणार. ते रोज सकाळी आले की टोपी काढायचे, बॉयलरच्या दारावर एक मिनिट हात ठेवायचे आणि कामाला लागायचे. बस. कोणाला बोलवायचे नाहीत, कोणाला डोळे मिटायला सांगायचे नाहीत. आमच्याकडे एकवीस माणसं, बहुतेक बायका, त्यात ख्रिस्ती दोनच घरं.

पप्पा गेले आणि सगळं माझ्यावर आलं. मी सत्तावीसची. मला घाबरायला झालेलं, आणि घाबरले की मी जास्तच जोरात धावते, तसा माझा स्वभावच आहे. ठरवलं, हा धंदा पूर्ण प्रभूला द्यायचा. पप्पांनी अर्धवट दिलेला, मी पूर्ण देणार! मंडळीची सगळी कापडं फुकट धुवायची, वृद्धाश्रमाच्या चादरी फुकट, आणि रोज सकाळी आठला सगळ्यांनी एकत्र उभं राहून प्रार्थना. मशीन बंद. पंखे बंद. मला पिनड्रॉप शांतता हवी होती. मेन स्विच खाली केला की सगळं गप्प व्हायचं, आणि त्या शांततेत माझ्या अंगावर काटा यायचा. बायका पण छान उभ्या राहायच्या. सुनंदाताई, चादरी घडी करणाऱ्या बायकांची पुढारी, ती तर गणपतीला करते तसे हात जोडून "पाव रे बाबा" बोलायची आणि आम्ही हसायचो.

फक्त एकच माणूस यायचा नाही. भालेराव काका. आमचे बॉयलरवाले. मोहन्याला राहतात, आधी तिथल्याच कारखान्यात बॉयलरवर होते, पप्पांनी त्यांना आणलेलं तेव्हा मी शाळेत होते. मी बोलवायला गेले की ते पाण्याच्या काचेकडे बघत बसलेले. बॉयलरला बाहेरून एक काचेची नळी असते, आतमध्ये पाणी किती आहे ते त्यात दिसतं. मी बोलायचे, काका, दोन मिनिटं या ना. ते बोलायचे, "ताई, मी बुद्धाचा माणूस. तू हात जोड, मी पाणी बघतो. दोन्ही कामं होतील." किती सरळ बोललेले ते! पण मला टोचायचं. मला वाटायचं हा माणूस माझ्या साक्षीत खोडा घालतोय.

आणि बेल. बॉयलरचं पाणी कमी झालं की मोठ्याने वाजणारी बेल असते, तिची लाईन वेगळी, मेन स्विच खाली केला तरी वाजते. एकदा पाण्याला थोडा उशीर झाला आणि बरोबर माझ्या प्रार्थनेच्या मध्येच ती अशी कोकलली की सगळ्या बायका खी खी हसायला लागल्या. माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी वायरमनला बोलावलं आणि बेलला वेगळा स्विच लावून घेतला, म्हणजे प्रार्थनेपुरती बंद ठेवता येईल. काकांना सांगितलं नाही. दोन-चार दिवस मी आठवणीने परत चालू केली. मग विसरले. विसरले म्हणजे विसरलेच. किती आठवडे ती बंद होती मला माहीत नाही.

पप्पांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी मी चर्चच्या पाळक साहेबांना बोलावलेलं. केक, समोसे, सगळ्या बायका नवीन साड्या नेसून. आदल्या दिवशी मी काकांना बोलले, "काका, उद्या पण आला नाहीत ना, तर मला बॉयलरवर दुसरा माणूस बघायला लागेल." त्यांनी नुसती मान हलवली.

रोज सकाळी काका बॉयलरच्या तळाचा गाळ काढायला थोडं पाणी सोडून देतात आणि मग पंप लावून परत भरतात. त्या दिवशी त्यांनी पाणी सोडलेलं, पंप नुकताच लावलेला, आणि मी धावत गेले. चला, साहेब आले! ते बोलले, "पाच मिनिटं दे, पाणी वर येऊ दे." मी काय बोलले माहितीये? "पाच मिनिटं देवाला पण द्या ना काका." त्यांनी हात पुसले आणि आले, शेवटच्या रांगेत उभे राहिले. मी मेन स्विच खाली केला. पंप पण त्याच स्विचवर. आग मात्र स्विचवर नसते, ती आत पेटलेलीच होती.

एरवी दोन मिनिटं. त्या दिवशी पाळक साहेबांची प्रार्थना झाली, मग मी पप्पांबद्दल बोलले, बोलत गेले, बोलत गेले, मला काय थांबता येतं! मग परत प्रार्थना. किती वेळ झाला मला भानच नव्हतं. आणि डोळे मिटलेले असताना मी हळूच एक डोळा उघडला. कशाला? तर काकांनी डोळे मिटलेत का ते बघायला. खरंच तेवढ्यासाठीच. त्यांचे उघडे होते. ते मान तिरकी करून काहीतरी ऐकत होते, जसं कोणी लांबून हाक मारतंय का ऐकतो तसं. मग ते वळले आणि बॉयलरकडे पळत गेले. मला एवढा राग आला की मी प्रार्थना सोडून त्यांच्या मागे गेले. भांडायला.

ते काचेसमोर उभे होते. काच पूर्ण रिकामी. थेंब नाही. त्यांनी एकदा वर बेलकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला सगळं एका सेकंदात कळलं, आणि मी मेन स्विचकडे धावले, पंप चालू करायला. त्यांनी माझा हात असा हिसडला की मी पडलेच.

"हात लावू नको! तापलेल्या लोखंडावर गार पाणी घालशील तर सगळे उडतील. जा, सगळ्यांना बाहेर काढ. रस्त्यापलीकडे ने. पळ!"

"काका, तुम्ही पण…"

"पळ बोललो ना!"

मी ओरडत सुटले. बायका आधी हसल्या, मग माझं तोंड बघून पळाल्या. पाळक साहेब एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून नेत होते. सुनंदाताई गेटवर एकेकीच्या पाठीवर हात मारून मोजत होती, वीस झाल्या आणि ती मागे बघायला लागली. आत काका फावड्याने ओली राख आगीवर टाकत होते. पेटलेली आग विझवायची नाही, दाबायची, हवा बंद करायची. हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसता फावड्याचा आवाज येत होता, खर्र, खर्र. आणि मग एक मोठा फुत्कार आला, पांढरी वाफ दारातून बाहेर आली, आणि फावड्याचा आवाज थांबला.

बॉयलर फुटला नाही. आतली एक नळी गेली आणि तिची वाफ आगीच्या दारातून काकांच्या अंगावर आली. दोन्ही हात, मान, अर्धा चेहरा.

ठाण्याच्या हॉस्पिटलमध्ये बर्न्स वॉर्डच्या बाहेर मी बसलेले आणि मोबाईलवर मंडळीच्या ग्रुपवर मेसेज धडाधड येत होते. प्रभूची स्तुती असो! केवढा चमत्कार! प्रार्थनेच्या वेळी प्रभूने राखलं! मी वाचत होते, पण मला "आमेन" टाईप करवत नव्हतं. बाजूला भालेराव काकू. त्यांना वायरमनकडून बेलचं कळलेलं. त्या माझ्याकडे न बघता बोलल्या, "काय गं, तुझ्या देवाला बेलचा त्रास होतो का?" मी मोबाईल पालथा ठेवला. मग थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारखं बोलल्या, "ढोलकी वाजवतात विहारात. जयंतीला पूर्ण मोहने नाचतं त्यांच्या हातावर." नंतर त्यांनी डब्यातली अर्धी चपाती माझ्यापुढे सरकवली. त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

चौथ्या दिवशी आमचा लायसन्सचं काम बघणारा एजंट भेटला. परवा बॉयलर तपासणारे सरकारी साहेब चौकशीला येणार होते. तो बोलला, "मॅडम, टेन्शन नाय. उंदराने वायर कुरतडली बोलायचं. मी तशी वायर करून ठेवतो. खरं बोललात तर लॉन्ड्री कधी उघडेल सांगता येत नाही, एकवीस घरं बसतील. विचार करा." मी विचार केला. खूप केला. एकवीस घरांचं कारण किती चांगलं होतं! मी प्रार्थना करायचा प्रयत्न केला, हॉस्पिटलच्या जिन्यात भिंतीला डोकं टेकून. प्रभू, काहीतरी दाखव. काहीच झालं नाही. एक मावशी फिनेल टाकत आली आणि बोलली, पाय उचल.

त्याच दुपारी मला पहिल्यांदा काकांना बघायला आत सोडलं. हात पांढऱ्या पट्ट्यांत, उशीएवढे. ओठ सुजलेले. मी सगळं कबूल करायची वाक्यं पाठ करून गेलेले. त्यांनी मला बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत विचारलं,

"बेल जोडली का?"

बस एवढंच. ना शिवी, ना रडणं. त्यांना माहीत होतं बेल कोणी बंद केलेली, आणि तरी त्यांची काळजी पुढच्या माणसाची होती. मी जिन्यात जे मागितलं ते हेच होतं, असं मला वाटलं. मी वाद नाही घालणार कोणाशी. पण माझ्यासाठी प्रभू त्या सुजलेल्या तोंडातून बोलला, आणि त्याने सांत्वन नाही दिलं, काम दिलं.

बॉयलरचे साहेब आले तेव्हा आधी त्यांनी गेटवरची पाटी वाचली. चष्मा खाली करून बोलले, "मालक कोण इथे? पाटीवर तर दुसऱ्याचं नाव आहे." एजंट हसला. मी बोलले, "जबाबदार मी आहे, सर. बेल मी बंद करायला लावलेली. पंप पण मीच बंद केला. बॉयलरच्या माणसाला तिथून मीच हलवलं." एजंटने कपाळावर हात मारला. साहेबांनी चष्मा वर केला आणि ते लिहायला लागले.

लॉन्ड्री कित्येक महिने बंद राहिली. एजंट जे होणार बोललेला ते झालं. दोन हॉस्पिटलं दुसरीकडे गेली, सहा बायका दुसरीकडे लागल्या, एकीने मला रस्त्यात ओळख पण दिली नाही. चूक नाही तिची. केस अजून चालू आहे. मी खरं बोलले म्हणून सगळं गोड झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं नाही झालं.

आता परत सुरू झालंय, पंधरा माणसांवर. पंपाची लाईन वेगळी. नवीन बॉयलर अटेंडंट आहे आणि काका त्याच्या बाजूला स्टुलावर बसून त्याला शिकवतात, म्हणजे ओरडतात. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मिटत नाहीत. यंदा जयंतीला ढोलकी दुसऱ्याने वाजवली. मी गेलेले मोहन्याला. काका खुर्चीत बसून गुडघ्यावर डाव्या हाताने ठेका धरत होते, आणि मी मागे उभी होते, मला पुढे जायची हिंमत नाही झाली. काकूंनीच हाताला धरून पुढे बसवलं.

मी समजायचे, धंदा प्रभूला द्यायचा म्हणजे डोळे मिटून सगळं त्याच्यावर टाकायचं. पप्पा एक मिनिट हात ठेवायचे ना बॉयलरवर, मला वाटायचं ते आशीर्वाद मागतात. आता वाटतं ते हजेरी देत असतील. त्याने पप्पांच्या हातात दिलेलं, पप्पांनी माझ्या. आणि माझ्या हातून ते निसटलं तेव्हा त्याने ज्याच्या हातांनी झेललं, त्याला मी कामावरून काढणार होते. माझ्या प्रार्थनेत न येणारा माणूस. प्रभू, तुझे उपकार मी कसे मोजू, मला तर ते ओळखता पण आले नाहीत.

आता सकाळी आठला आधी बेल वाजते. काका टेस्टचं बटण कोपराने दाबतात आणि चांगलं लांब दाबून ठेवतात. बायका कानात बोटं घालतात. सुनंदाताई ओरडते, "बस करा ओ, स्वर्गात पोचला आवाज!" काका बटण सोडतात आणि मला बोलतात, "हं, आता बोल तुझ्या देवाशी."

मी कोणाला बोलवत नाही, मशीन बंद करत नाही. बॉयलरच्या दारात उभी राहते, डोळे उघडे ठेवून, काचेकडे बघत. आणि बोलते, प्रभू, काचेत पाणी आहे. बेल वाजतेय. पंधरा माणसं आत आहेत, आणि सोळावे काका.