रंभाबाईचा पहाटवर्ग

रंभाबाईचा आवाज मोठा. घरात ती नवऱ्यावर चिडली, तर तलावाच्या पलीकडे धुणं धुणाऱ्या बायकांना भांडणाचं कारण कळतं. नवरा शालिकराम त्याच तलावात जाळं टाकतो. एखाद्या दिवशी मासळी कमी मिळाली की लोक म्हणतात, बायकोचा आवाज ऐकून पळाली असेल. रंभाबाई हे ऐकून स्वतःच हसायची. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून तिनं वडशाकडची झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र पाहिली होती, आणि नाटकात काम करायचं तिच्या मनात होतं. ते राहून गेलं. लग्न झालं, आणि ती आमच्या चेक आंबेझरीत आली.

आमचं गाव पोंभुर्ण्याच्या पलीकडे, जंगलाला खेटून. मी मूळचा वरोऱ्याचा, इथल्या शाळेवर मास्तर. बदलीसाठी अर्ज करायचा कंटाळा केला म्हणून राहिलो, असं मी सांगतो. खरं म्हणजे गाव आवडलं.

इथला उन्हाळा मोहानं सुरू होतो. जंगलातलं मोहाचं झाड कुणाच्याही नावावर नसतं, तरी कोणतं झाड कोणत्या घरचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याचा कायदा एकच. पहाटे फुलं गळतात तेव्हा ज्या घरचं माणूस झाडाखाली बसलेलं असेल, फुलं त्या घरची. झाड रिकामं दिसलं की कुणीही टोपली घेऊन यावं, त्याला गावात चोरी म्हणत नाहीत. आता घरात मोठी माणसं दोन आणि झाडं तीन असली, तर तिसऱ्या झाडाखाली कोण बसणार? लेकरू बसतं. अंधारात, खाली वाकून, एकेक फूल वेचत. असं वाकलेलं लेकरू आपल्यालाच लांबून माणसासारखं दिसत नाही, मग वाघाला कुठून दिसणार.

इसरू आणि देवकाबाईची साधना अशीच झाडाखाली बसली होती. माझ्या चौथीच्या वर्गातली मुलगी. तिच्याबद्दल मी यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

त्यानंतर गावात गाड्या आल्या. फोटो निघाले, भाषणं झाली, आणि झाल्या प्रकारातून एक बरी गोष्टही निघाली. चंद्रपूरच्या एका कार्यालयाकडे योजना होती. ज्या गावांत वाघानं माणूस मारलं आहे तिथं मुलांसाठी शाळेआधी आणि शाळेनंतर वर्ग चालवायचा आणि सुट्टीत तो दिवसभर ठेवायचा, म्हणजे मोहाच्या आणि तेंदूपानाच्या दिवसांत मुलं जंगलात जाणार नाहीत. वर्ग सांभाळणाऱ्या बाईला मानधन, मुलांना सकाळी खायला, एक सौरदिवा, एक फळा, सतरंज्या. तिथल्या साहेबांनी विचारलं, एवढी पोरं एका जागी बसवील असं गावात कोण आहे? सगळ्यांनी एकाच वेळी रंभाबाईकडे पाहिलं.

पण वर्ग सुरू होऊन उपयोग नव्हता, कारण तिसऱ्या झाडाचा प्रश्न तसाच होता. हे साहेबांच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. रंभाबाईच्या आलं. ती ग्रामसभेत उभी राहिली आणि म्हणाली, "झाडाले घरच्या बाईच्या जुन्या लुगड्याचा पदर बांधा. पदर दिसला का माणूस बसला समजा. त्या झाडाले कोनी हात लावाचा नाई."

बाप्ये हसले. सरपंच गुणवंतराव म्हणाले, "पदर का राखन करन का, रंभाबाई?"

"तुमच्या घरी कोन राखन करते, भाऊ? पदरच ना?"

यावर बायका इतक्या हसल्या की ठराव झाला. गुणवंतरावांनी तेवढं म्हणून ठेवलं की वर्ग आहे तोवरच हा पदर चालेल. त्या वेळी कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

मग पहाटे अंधार असतानाच समाजमंदिरात दिवा लागायचा. पोट्टे डोळे चोळत यायचे, काही तर झोपेतच बापाच्या खांद्यावरून यायचे. रंभाबाई त्यांना पाढे नाटकातल्या राजासारखे म्हणायला लावायची. सत्तावीसचा पाढा म्हणताना तलवार उपसायची असते, हे मी तिच्याकडूनच शिकलो. शाळा सुटली की पुन्हा तिच्याकडे. तिकडे जंगलात झाडाझाडाला जुन्या लुगड्यांचे पदर हलत असायचे, आणि फुलं जागच्या जागी मिळायची. वाघ काही कमी झाले नव्हते. तलावाच्या पाळीवर पंजे दिसायचे, गोऱ्हे जायचे. पण माणसाला ओरखडा आला नाही. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले आणि गाव ती भीती विसरायला लागलं. मीसुद्धा.

या वर्षी मोह फुलायच्या आधी एक पोरगा मालवाहू ऑटो घेऊन आला आणि फळा, दिवा, सतरंज्या मोजून घेऊन गेला. वर्ग बंद, एवढंच त्याला माहीत होतं. गरज सरो, वैद्य मरो, असं मी म्हटलं. रंभाबाई म्हणाली, "गरज कुठी सरली, गुरुजी?"

गुणवंतराव, ती आणि मी, आम्ही तिघं चंद्रपूरला गेलो. साहेब नवे होते. माणूस वाईट नव्हता, आणि राग काढायला वाईट माणूस समोर नसला की माझी मोठी पंचाईत होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा सांगितला आणि समजावलं. योजनेतला पैसा थोडा, मागणारी गावं फार. म्हणून नियम असा की गेल्या तीन वर्षांत जिथं वाघानं माणूस मारलं, तीच गावं यादीत राहतात. आमच्या गावात तसं काही घडलं नव्हतं.

"म्हणजे तुमचं गाव आता सुरक्षित झालं," साहेब म्हणाले. "ही तर आनंदाची गोष्ट आहे, बाई."

"वर्ग होता मनून नाई घडलं ना, साहेब."

"मान्य आहे. पण न घडलेलं मी कागदावर कसं दाखवू?"

रंभाबाईनं त्यांच्यापुढे हात जोडले. ती कुणापुढे हात जोडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. मग तिनं खालच्या आवाजात विचारलं, "मंजे एखादं लेकरू गेलं, का मंग याल तुमी?"

चहा आला होता, तो साहेबांनी आमच्यापुढे सरकवला. रंभाबाईनं तो घेतला नाही. गुणवंतरावांनी घेतला, आणि त्यावरून ती परतीच्या एसटीत त्यांच्याशी एक अक्षर बोलली नाही.

गावात आल्यावर देवकाबाई दारात उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तिनं आमची तोंडं पाहिली. म्हणाली, "माह्या पोरीच्या जीवावर तुमचा वर्ग इतके दिवस चालला. आता तिचा जीव पुरून नाई राह्यला." एवढं बोलून ती आत गेली.

रंभाबाईनं बिनपैशाचा वर्ग आपल्या अंगणात सुरू केला. पहिले काही दिवस पोरं आली. मग भैयाजीनं देवाजीच्या झाडाखालची फुलं वेचून नेली. झाडाला पदर बांधलेला होता. देवाजी भांडायला गेला तेव्हा भैयाजी शांतपणे म्हणाला, "हापिसाचा वर्ग नाई त पदर नाई. ठरलंच होतं तसं." सरपंचांना मान डोलवावी लागली, कारण ठरलं होतंच तसं. दुसऱ्या दिवशी पहाटे देवाजीनं आपल्या प्रणितला, सात-आठ वर्षांच्या पोराला, नाल्याकाठच्या झाडाखाली बसवलं. बाकीच्यांनीही आपापली पोरं बसवली. कुणाला दोष देऊ? मोहावर घरातलं मीठमिरची, कपडालत्ता असतो. आणि आईबाप जवळच्याच झाडाखाली असतात, हाकेच्या अंतरावर. साधनाचेही होते.

आता अंगणात पोरं नाहीत म्हटल्यावर रंभाबाई पोरांकडे जायला लागली. अंधारात एका हातात काठी आणि दुसऱ्यात तेलाचा रिकामा डबा. डबा बडवत या झाडाकडून त्या झाडाकडे, एकेकाचं नाव घेऊन ओरडत. पोरानं ओ दिली की पुढे. "उभा राहून वेच रे, वाकू नोको!" हे तर तिनं किती वेळा म्हटलं असेल. मी घरात अंथरुणावर पडल्यापडल्या ऐकायचो. दूर जंगलात नावं ऐकू यायची, मग डबा, मग पुढचं नाव. शालिकरामनं तिला अडवून पाहिलं. "तू काऊन मरतं तिकडे? आपलं लेकरू हाय का त्यात?" त्यांची नीलिमा लग्न होऊन गोंडपिपरीकडे गेलेली. रंभाबाई त्याला म्हणाली, "सारेच माह्ये हायेत." हे वाक्य नाटकातलं वाटेल, पण ती तेव्हा चुलीपुढे बसून भाकरी थापत होती आणि अगदी सहज बोलली.

मग तलावाच्या पाळीवर पंजे दिसले, गावाच्या बाजूला वळलेले. चैतूची कालवड गेली. वनरक्षक येऊन सांगून गेले की पहाटे जंगलात जाऊ नका. मोह पहाटेच गळतो, हे त्यांनाही माहीत होतं.

त्या दिवशी मी डबा ऐकत होतो. नावं चालली होती. प्रणितचं नाव आलं, आणि डबा थांबला.

पुढचं मला देवाजीनं सांगितलं. नाल्याकडची वानरं खकारत होती आणि एकदम गप्प झाली. प्रणित पाठमोरा वाकून वेचत होता. रंभाबाईनं हातातला डबा टाकला आणि पळत जाऊन पोरावर पडली. ती पडली त्याच क्षणी वरून पंजा आला. खांद्यापासून कोपरापर्यंत मांस सोललं गेलं. खाली पोरगं, वर वाघ, आणि मधे ही बाई मान वळवून त्याच्या तोंडावर ओरडली. देवाजी म्हणतो, तसा आवाज मी माणसाचा ऐकला नाही. वाघ मागं सरकला, थोडं थांबला आणि नाल्यात उतरून गेला. लोक पोचले तेव्हा प्रणितनं टोपली घट्ट धरून ठेवली होती आणि तो ती सोडायला तयार नव्हता.

चंद्रपूरच्या दवाखान्यात तिचा जीव वाचला. हातही राहिला, पण तो आता वर जात नाही. साहेब भेटायला आले, फळं घेऊन आले. त्यांचे डोळे खरंच भरले होते. उपचाराचा खर्च मिळेल म्हणाले, सत्काराचंही काही बोलले. रंभाबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"आता त वर्ग सुरू होईन ना, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "जखमीवर गाव यादीत बसत नाही, बाई," ते म्हणाले. "मृत्यू लागतो." स्वतःचं वाक्य ऐकून त्यांचाच चेहरा उतरला. मी नियम बदलायला वर लिहितो, असं म्हणाले. लिहिलंही असेल. वरचे लोक कुठे बसतात ते मला ठाऊक नाही; मोहाच्या झाडाखाली बसत नाहीत एवढं नक्की.

आता मोह सरला आणि तेंदूपान लागलं आहे. पहाटे अख्खी घरं जंगलात जातात, पोरांसकट, कारण पानं तोडायला आणि पुडे बांधायला लहान हात लागतात. प्रणितही जातो. मी या सुट्टीत वरोऱ्याला गेलो नाही. पदर पुन्हा मान्य करा म्हणून घरोघर फिरलो, लोक ऐकून घेतात, पाणी देतात. पण पानाच्या कामात पदर काय करणार? तिथं झाड राखायचं नसतं. रंभाबाई ओसरीवर खांबाला टेकून बसलेली असते. आवाज गेला आहे तिचा. डॉक्टर म्हणतात घशाला काही झालेलं नाही. तरी ती हळूच बोलते.

काल दुपारी मी तिच्याजवळ बसलो होतो. पोंभुर्ण्याच्या रस्त्यावर धूळ उडाली, एक पांढरी गाडी गावाकडे येताना दिसली. रंभाबाई खांब धरून उठली. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता.

"गुरुजी, पाहून या बरं कोनाची गाडी हाय."

मी जाऊन आलो. गुरांच्या डॉक्टरांची गाडी होती, लसी टोचायला आलेली. तिला सांगितलं तेव्हा ती खाली बसली.

"त्या हापिसात मी हात जोडले होते का वर्ग सुरू करा," ती म्हणाली. "आता रोज देवापुढे हात जोडून राह्यली, का बाप्पा, वर्ग सुरू नोको होऊ देऊ."

ऊन कलायला लागलं होतं, आणि पानाला गेलेल्यांपैकी अजून कुणी परतलं नव्हतं.