करुणाताईचे शुक्रवार

करुणाताईचा दोन वर्षांचा डेटा मी उडवला. तिने नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. वर्षभर हे एकच वाक्य लपवून ठेवलंय, म्हणून आधी तेच लिहून टाकलं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ताई आमच्या लॅबमधली सीनियर, पीएचडीचं शेवटचं वर्ष. मूळचे नांदेडचे लोक, वडिलांच्या नोकरीमुळे इथे हैदराबादेत, नामपल्लीत वाढलेली. अख्ख्या लॅबमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

तिचा विषय साधा होता. इलेक्ट्रिक गाड्या एकदम चार्जिंगला लागल्या तर गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचं काय होतं?

आम्ही बाकीचे नेटवरून परदेशातला डेटा उतरवून घ्यायचो. ही अफझलगंजला जायची. तिथे मालवाहू ई-ऑटोंचा चार्जिंगचा अड्डा आहे. परवानगीसाठी खेटे घालून तिने तिथल्या ट्रान्सफॉर्मरवर मीटर बसवला होता.

दर शनिवारी मेमरी कार्ड काढायचं, लॅबच्या कॉम्प्युटरवरच्या एकाच फाइलमध्ये उतरवायचं, कार्ड पुसून परत लावायचं. दोन वर्षं. भर उन्हात.

मी चिडवायचो, पीएचडी करतेस का मीटर रीडिंगची नोकरी? ती म्हणायची, "हौ रे, तू बस एसीत."

मग रक्ताचा कॅन्सर निघाला.

पेपर पाठवायचा राहिला होता. ती ॲडमिट, म्हणून ग्राफ काढायचं काम माझ्याकडे आलं.

डेटात मधूनच भलतीच उंच रीडिंग दिसत होती. आम्हाला शिकवतातच, असं काही दिसलं की सेन्सरची गडबड समजायची आणि साफ करायचं. मी छोटासा प्रोग्राम लिहिला. फार वर गेलेलं प्रत्येक रीडिंग काढलं, त्या जागी आजूबाजूची सरासरी भरली.

आणि फाइल त्याच नावाने सेव्ह केली.

बॅकअप नव्हता. विचारलंही नाही कुणाला. ग्राफ असा गुळगुळीत आला की मी खूश होऊन लॅपटॉप घेऊन थेट हॉस्पिटलात गेलो.

ताईने ग्राफ एकेक आठवडा पुढे सरकवत पाहिला.

"शुक्रवार कुठं गेला रे?"

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळेला सगळे ऑटोवाले एकदम येतात, गाड्या चार्जिंगला लावतात आणि मशिदीत जातात. तेवढा तासभर ट्रान्सफॉर्मर तापतो. गाड्या वाढत गेल्या तसा शुक्रवारही वर चढत गेला. तो चढ म्हणजेच तिचा थिसिस. बाकीचे सहा दिवस तिथे काही घडतच नव्हतं.

मी जो कचरा म्हणून काढला, ते तिचं सगळं काम होतं.

मी तिथेच रडायला लागलो. सलाइन लावलेल्या हाताने तिने लॅपटॉप मिटला.

"सरांना माझं नाव सांग, माझ्याकडून गेलं म्हण. तुझा पीएचडीचा रिव्ह्यू आहे या महिन्यात."

मी नाही म्हटलं. एकदाच म्हटलं, खरं सांगतो.

"मी बरी झाले की परत घेऊ. शुक्रवार काय, दर आठवड्याला येतो."

सर म्हणजे आमचे दोघांचे गाइड. त्यांना फोनही तिनेच केला. ॲडमिट व्हायच्या आधी मूळ फाइल माझ्याकडूनच पुसली गेली म्हणाली. मी बेडशेजारी उभा होतो. तिच्या हातातून फोन घेतला नाही.

पाच आठवड्यांनी ती गेली.

शोकसभेत सर म्हणाले, फार हुशार मुलगी, फक्त डेटाच्या बाबतीत जरा निष्काळजी. लोकांनी माना हलवल्या.

मीही हलवली असेल. माझा रिव्ह्यू पास झाला होता.

तिचे वडील भेटले की विचारतात, "जय भीम बेटा. तिचं काम छापून आलं का?" मी म्हणतो, येईल काका.

नाही येणार, काका. मीटर अजून तिथेच आहे, मी दर शनिवारी कार्ड काढतो. पण ते दोन वर्षांतले शुक्रवार आता कुठेच नाहीत. मी काय केलं तर ते परत येतील? कुणाला माहीत असेल तर सांगा. मला खरंच कळत नाहीये.

मागच्या आठवड्यात अड्ड्यावरच्या रफिकभाईंनी विचारलं, "मॅडम भोत दिनां से नै आए. तबियत ठीक है ना उनकी?"

वर्ष झालं, आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी हौ म्हणालो. तिथेही खोटंच बोललो.

सर, तुम्हाला मराठी येत नाही, म्हणून हेच सगळं इंग्रजीत लिहून आत्ता मेल केलंय. माझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन राहो न राहो. निष्काळजी ती नव्हती.

ताई, आज शुक्रवार आहे. मी अफझलगंजला उभा आहे. दीड वाजलाय, सगळ्या गाड्या लागल्यात, ट्रान्सफॉर्मरचा आवाज वाढलाय.

रफिकभाई नमाजला गेलेत. परत आले की त्यांना सांगतो, तू गेलीस म्हणून.

तू फोन ठेवताना म्हणायचीस तसंच.

जय भीम, ताई.